ट्रिकसीनयुक्त

१२ सप्टेंबर २०२५ हा शुक्रवार आमच्या घरात लक्षात राहिला तो भांडणामुळे. त्या दिवशी दोन सिनेमे एकदम लागले. एक ‘दशावतार’, म्हणजे आपल्या दिलीप प्रभावळकरांचा, आमच्या तळकोकणातल्या दशावतारी कलावंताची गोष्ट सांगणारा. दुसरा ‘डेमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’. हा जपानी, आणि यात तलवारी, राक्षस आणि पडणारी माणसं. पडणारी म्हणजे वरून खाली पडणारी. ती बराच वेळ पडतच असतात.

गणपतीला मुंबईहून आलेला पुतण्या विसर्जन झालं तरी आमच्या नांदगावातच रेंगाळला होता. कॉलेजचं काहीतरी ‘ऑनलाइन’ आहे, असं तो सांगत होता, आणि ऑनलाइन हा शब्द आला की आमच्या पिढीची वाचा बसते. त्याला जपानी राक्षस बघायचे होते. मला प्रभावळकर बघायचे होते. आईचं म्हणणं होतं की म्हाळाचे दिवस आहेत, पितर जेवायला यायचे आणि घरची माणसं थेटरात, असं चालणार नाही.

“म्हाळात राक्षस कसले बघतास? रवळनाथाक काय वाटात?”

शेवटी तह झाला. म्हाळ आटोपला की सगळ्यांनी मिळून ‘दशावतार’ बघायचा, पुतण्याने आपले राक्षस मुंबईला परत गेल्यावर बघायचे, आणि तोवर त्याने आजीला मोबाइलवर त्याच मालिकेचे सुरुवातीचे भाग दाखवायचे. हे शेवटचं कलम कोणी घातलं, ते मला आठवत नाही. पण माझ्या आयुष्यातल्या एका जुन्या गैरसमजाचा अंत त्या कलमाने झाला.

गैरसमज असा, की नांदगावातला पहिला गीक मी.

गीक हा शब्द तेव्हा आमच्याकडे नव्हता. तेव्हा ‘येडो’ असा सुटसुटीत शब्द होता. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी ‘जंगल बुक’ लागायचं, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. वाडीत टीव्ही मोजके. ज्यांच्याकडे होता त्यांच्या खळ्यात चपलांचा ढीग, आणि त्यांच्या माडीच्या कौलांवर अँटेना धरून उभा असलेला एक मुलगा. तो मुलगा मी. म्हणून मी ‘जंगल बुक’ पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा होता, मुरुडच्या माणसाचा, आणि तो आवाज कौलांवरसुद्धा स्पष्ट यायचा. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, की ती मालिका जपानी होती. निप्पॉन अ‍ॅनिमेशन नावाच्या कंपनीने ती १९८९ साली बनवली होती. म्हणजे ज्याला आज पुतण्या ‘अ‍ॅनिमे’ म्हणतो, ते मी त्याच्या बापाचं लग्न व्हायच्या आधी, कौलांवर बसून, पावसात, फुकट ऐकलेलं आहे. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “काका, डब बघणारे खरे फॅन नसतात.”

मी बघितलंच नव्हतं. पण ते त्याला सांगून माझी इज्जत वाढली नसती.

मग पुस्तकं. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न मी फणसाखाली बसून वाचला. पृथ्वीच्या पोटात जायचं, चंद्रावर जायचं, समुद्राच्या तळाशी जायचं. इथे कणकवलीला जायचं तर एसटी वेळेवर येत नव्हती. त्यानंतर जयंत नारळीकर. त्यांची एक गोष्ट मला त्यांच्या कथांपेक्षाही जास्त आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. हा केंब्रिजला शिकलेला, फ्रेड हॉएलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडलेला माणूस. त्याने गोष्ट पाठवली म्हटल्यावर परीक्षक काय करणार? म्हणून त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. ज.वि.ना. उलटं केलं की ना.वि.ज. होतं. पहिलं बक्षीस मिळालं. अमेरिकेतल्या सुपरमॅनला ओळख लपवायला चष्मा लागतो. आमच्या माणसाने आद्याक्षरं फिरवली आणि वर पोस्टाचं तिकीट लावलं.

हे सगळं मी शाळेत मित्रांना सांगायला जायचो. ते ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, “मगे, बक्षीस किती रुपये?” अशा वातावरणात मी एकटाच वाढलो, असं मी तीस वर्षं समजत होतो.

*

पहिल्या दिवशी आईने ‘डेमन स्लेअर’चा पहिला भाग सुपारी कातरत बघितला. तांजिरो नावाचा मुलगा कोळसे विकायला डोंगराखाली जातो, परत येतो तर घरदार राक्षसाने मारलेलं, एक बहीण तेवढी वाचलेली, पण तिचीही राक्षसीण झालेली. तिने कुणाला चावू नये म्हणून तिच्या तोंडात बांबूचा तुकडा बांधलेला.

“चेडवाच्या तोंडात बांबू कित्या?”

“आजी, ती माणसांना खाऊ नये म्हणून.”

“बरा केल्यान,” आई म्हणाली, आणि खिडकीतून शेजारच्या घराकडे एकदा बघितलं.

मी मनातून खूश होतो. आता आई कंटाळणार, उठून जाणार, आणि मी पुतण्याला म्हणणार, बघ, हे आपल्याकडच्या माणसांना झेपणारं नाही, त्यासाठी विज्ञानकथांची बैठक लागते. पण आई उठली नाही. तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते प्रश्न प्रेक्षकाचे नव्हते, जाणकाराचे होते.

“ह्या राक्षसाक वर कोणी दिल्यान?”

पुतण्या गडबडला. वर दिलेला नाही, मुझान नावाचा मूळ राक्षस आहे, तो आपलं रक्त देऊन दुसरे राक्षस करतो, असं त्याने समजावलं.

“म्हणजे रक्तबीजासारख्या. बरा. मगे मरतत कशे?”

“एक तर त्या खास तलवारीने मुंडकं उडवायचं, नाहीतर सूर्य उगवला की आपोआप जळतात.”

आईने अडकित्ता खाली ठेवला. “म्हणजे धयकालोच झालो की!”

ज्यांचा दक्षिण रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. धयकालो म्हणजे दशावताराचं नाटक. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की गावोगाव देवळांपुढे रात्रभर चालतं आणि सकाळी दहीकाल्याने संपतं. राक्षस रात्रभर काय वाट्टेल ते करू शकतो. इंद्राचं आसन घेऊ शकतो, ऋषींचे यज्ञ मोडू शकतो, नायिकेला पळवू शकतो. पण उजाडायच्या आत त्याला मरावंच लागतं, कारण नंतर हंडी फोडायची असते. जपान्यांनी हा नियम डोकं चालवून शोधला असेल. आमच्याकडे तो वेळापत्रकाचा भाग आहे.

आणि मग आईने, म्हणजे माहेर, सासर आणि एकच पंढरपूर पाहिलेल्या माझ्या आईने, पुढच्या आठ दिवसांत त्या मालिकेचे एकवीस भाग संपवले. नाकाने राक्षसाचा माग काढणारा नायक तिला सुरुवातीला पटला नव्हता. “वास घेता? तो आमचो बोको पण घेता बांगड्याचो.” पण नायक लढाईच्या मधोमध थांबतो, आपलं दुःख मनातल्या मनात सांगतो, लहानपण आठवतो, आई आठवतो, आणि समोरचा राक्षस तेवढा वेळ तलवार उगारून ताटकळत उभा राहतो, हे मात्र तिला अजिबात खटकलं नाही. मला खटकलं होतं. मी तसं बोललोही.

“अरे, बोलल्याशिवाय मारतत काय?” आई म्हणाली. “बोलल्याशिवाय मारूक ती काय गुरा आसत?”

खरं आहे. दशावतारात युद्धाआधी राजा आणि राक्षस अर्धा तास बोलतात. तेही पाठ केलेलं नाही. दशावताराला छापील संहिता नसते. मंडळाचा जाणता माणूस रंगपटात सगळ्यांना आजचं कथानक सांगतो, कोण कुठे येणार, कोण कधी मरणार. बाकी संवाद ज्याचे त्याने जागच्या जागी रचायचे. राजाने वेदान्त काढला की राक्षसाला मीमांसा काढावी लागते. राक्षस कमी पडला तर समोर बसलेली म्हातारी माणसं तोंड वाकडं करतात. मारामारी त्यानंतर, तलवारी फिरवत गिरक्या, पखवाज वाढत जातो, झांज वाढत जाते. आणि सेट? एक बाकडं. तेच सिंहासन, तोच कैलास, तोच रथ. राजा बाकड्यावर चढला की पर्वतावर आहे, उतरला की रणांगणात. पुतण्याच्या खेळांसाठी म्हणे एक वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, त्याची किंमत ऐकून आमच्या काजूचं एका वर्षाचं उत्पन्न डोळ्यांपुढून गेलं. बाकडं सुताराने फणसाच्या लाकडाचं करून दिलं तर चार पिढ्या टिकतं, आणि गरमही होत नाही.

*

पुतण्याने आजीवर ‘ड्रॅगन बॉल’चा प्रयोग केला तो त्यानंतर. त्यात नामेक नावाचा ग्रह आहे. फ्रीझा नावाचा खलनायक त्या ग्रहाच्या गाभ्यावर घाव घालतो आणि जाहीर करतो, की पाच मिनिटांत हा ग्रह फुटणार. मग लढाई सुरू होते. एक भाग होतो. दुसरा होतो. तिसरा होतो. लढणारे ओरडतात, केसांचा रंग बदलतो, ग्रह हादरतो. पाच मिनिटं काही संपत नाहीत. जगभरातले चाहते या पाच मिनिटांची तीस वर्षं टिंगल करत आले आहेत.

आमच्या घरात कोणी हसलं नाही.

पाच मिनिटं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला जपान्याने शिकवू नये. “पाच मिनटात येतंय” असं म्हणून सुतार गेला तो मे महिन्यात. आता दारं पावसाने फुगली. नांदगाव रोड स्टेशनावर गाडी पाच मिनिटांत येते, अशी घोषणा झाली की माणसं निवांत चहाला जातात. कोकण रेल्वे एकमार्गी असल्यामुळे पलीकडून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला आमची पॅसेंजर जिथे थांबते, तिथे करवंदं पिकण्याइतका वेळ जातो. आईने फ्रीझाची पाच मिनिटं अगदी शांतपणे बघितली. चौथ्या भागाअखेर तिने फक्त एवढंच विचारलं, “हो खयचो, आमच्या तिठ्याचो काय?”

तिठा म्हणजे नांदगाव तिठा. मुंबई–गोवा महामार्गावरून देवगडचा रस्ता जिथे फुटतो, ती जागा. पूर्वी इथे चहा, वडापाव आणि वाट बघणारी माणसं होती. आताही तेच आहे, फक्त वाट बघणाऱ्यांच्या हातात मोबाइल आले. महामार्ग चौपदरी झाला तो आमच्याकडे बऱ्यापैकी झाला. वर रायगडाकडे मात्र २०११ पासून काम चालू आहे आणि दर गणपतीला ‘पुढच्या गणपतीपर्यंत’ अशी तारीख मिळते. पुतण्याच्या जगातही असाच एक रस्ता आहे. ‘जीटीए’ नावाच्या खेळाचा पाचवा भाग २०१३ साली आला, सहाव्याची झलक २०२३ च्या डिसेंबरात दाखवली, मग २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. तिठ्यावरच्या पोरांनी आधी महामार्ग पुरा होतो की आधी खेळ येतो, यावर पैज लावली आहे. हरणाऱ्याने सगळ्यांना वडे-सागोती घालायची. मी महामार्गावर पैसे लावलेले नाहीत.

या बाबतीत मला आंगणेवाडीच्या भराडीदेवीचं कौतुक वाटतं. तिच्या जत्रेची तारीख तिथीवर ठरलेली नसते. दर वर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. ठरली की बातमी फुटते, चाकरमानी कामाच्या ठिकाणी रजेचे अर्ज टाकतात, गाड्या भरतात, लाखो माणसं येतात. एकदा जाहीर केलेली तारीख मात्र पुढे जात नाही. अमेरिकेतल्या कंपन्यांनी आपले अधिकारी मसुरे-आंगणेवाडीला दोन दिवस शिकायला पाठवावेत.

*

तिठ्यावरच्या पोरांचा विषय निघालाच आहे तर पबजीचं सांगतो. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवत होते. मोठी माणसं पत्ते खेळत होती, बायका गेटवरून डबे देत होत्या, आणि पोरं चार-चारच्या टोळ्या करून एका रशियन बेटावर उतरत होती. त्या बेटावर पोचिंकी नावाचं एक गाव आहे. आमच्या वाडीतली पोरं पोचिंकीतल्या कुठल्या घराच्या माडीवर काय सापडतं, हे डोळे मिटून सांगायची. आमच्या स्वतःच्या माडीवर काय आहे, ते त्यांना साफसफाईच्या दिवशीच कळतं. शाळेच्या पटांगणात रात्री ओरडा ऐकू यायचा: “मेल्या, माका उठव! मी पडलंय! मेडकिट आसा काय?” आणि गावातली एक म्हातारी काठी टेकत टेकत खरोखर बामची बाटली घेऊन गेटवर आली होती.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजीवर बंदी घातली. त्या संध्याकाळी तिठ्यावर असं वातावरण होतं, जसं गावात कोणीतरी मोठं गेलं की असतं. पुढच्या वर्षी तोच खेळ बीजीएमआय हे नवं नाव घेऊन परत आला. २०२२ ला पुन्हा बंद, २०२३ ला पुन्हा चालू. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “वामनाचो बळी तरी एकदाच पाताळात गेलो.”

खेळात जिंकलं की पडद्यावर चिकन डिनर मिळाल्याचं अभिनंदन येतं. श्रावणात काही घरांतून यावर आक्षेप होता.

पण खरा प्रश्न असायचा तो रेंजचा. गणपतीत वाडी भरते. एका टॉवरवर एरवी पन्नास माणसं असतात, त्यावर पाचशे येऊन बसतात. गेल्या चतुर्थीला आमच्याकडे पूजा झाली, आरत्या झाल्या, आणि मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घालायला घेतलं. देवापुढे अख्ख्या घराण्याची कैफियत मांडायची आणि जमलेल्यांनी होकार भरायचा, ही आमची पद्धत. सगळं रीतसर चाललं होतं:

“बा देवा गणपती म्हाराजा! आज ही तुझी लेकरां मुंबयसून तुझ्या पायाकडे इली हत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंच्या वाटेत जो काय खड्डो आसात, जो काय डायवर्शन आसात, तो येताना जसो चुकवलस तसो जाताना पण चुकव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

एवढ्यात मागून पुतण्याने हळूच काहीतरी सांगितलं. मानकऱ्यांनी एक क्षण डोळे उघडले, मिटले, आणि त्याच सुरात पुढे गेले:

“आणि देवा, ह्या पोराच्या मोबायलाक दोन तरी दांडे येवंदेत रे म्हाराजा! तेचो काय तो लॅग आसात, तो साता समुद्रापलीकडे न्हेवन टाक रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हा होकार सगळ्यात मोठा होता. तरुण आघाडीचा होता.

दांडे आले नाहीत. पण गाऱ्हाण्यात आपलं नाव निघालं म्हणून पुतण्या त्या दिवशी दोन वेळा मोदक वळायला बसला. त्याचे मोदक पोकेमॉनसारखे दिसत होते. चव मात्र मोदकाचीच होती.

*

चाहत्यांच्या जगात ‘कॅनन’ नावाचा एक प्रकार असतो. म्हणजे खरी, अधिकृत, मूळ गोष्ट कुठली, आणि चाहत्यांनी मनाने जोडलेली कुठली, यावरचं भांडण. पुतण्या म्हणतो, या भांडणात मित्र तुटतात. मी त्याला म्हटलं, तू एकदा विजयदुर्गाच्या बाजूच्या माणसापुढे हेलियमचा विषय काढ.

त्याने सलूनमध्ये काढला. आमच्याकडे असं मानतात, की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी लॉकियर नावाचा इंग्रज साहेब विजयदुर्ग किल्ल्यावर दुर्बीण लावून उभा होता आणि त्याने तिथून हेलियम शोधला. किल्ल्यावर ते ओटे दाखवतात. त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात, आणि दर वर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. पुतण्याने तिथल्या तिथे मोबाइल काढून सांगितलं, की ते ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून पाहिलं, आणि लॉकियरने सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडातच पाहिली. दोघांची पत्रं पॅरिसला एकाच दिवशी वाचली गेली.

सलूनमध्ये शांतता पसरली. अर्धी दाढी झालेल्या देवगडच्या एका गृहस्थांनी फेसासकट मान वळवली.

“मगे ते ओटे कोणी बांधल्यानी? तुझ्या आज्यान?”

या युक्तिवादाला विज्ञानाकडे उत्तर नाही. ओटे आहेत. दगडाचे आहेत. पुतण्या परत आला तो म्हणत, “काका, हे लोक स्टार वॉर्सवाल्यांपेक्षा डेंजर आहेत.” मी स्वतः शास्त्रीय वृत्तीचा माणूस असल्यामुळे जान्सेनच्या बाजूने आहे. फक्त हे मी तरळ्याच्या पलीकडे, विजयदुर्गाच्या बाजूला, कुठे बोलत नाही.

आईसमोर त्याने आणखी एक बढाई मारून पाहिली. ‘वन पीस’ नावाची त्याची आवडती मालिका १९९९ पासून चालू आहे, हजाराच्या वर भाग झाले, आणि अजून तो खजिना काही सापडलेला नाही.

“हजारच?” आई म्हणाली. “आमचा ‘चार दिवस सासूचे’ तीन हजाराच्या वर गेला. आणि तेच्यात खजिनो पण नव्हतो.”

*

तर हे असं चालू असताना मला हळूहळू कळत गेलं, की या घरात गीक कोण आहे. कुठल्या मंडळाचा राजापार्ट कोणत्या सालात बरा होता, कोणाचा आवाज कधी बसला, स्त्रीपार्ट करणाऱ्या कुठल्या नटाच्या नऊवारीचा काष्टा बायकांनाही जमणार नाही असा होता, हे सगळं आईच्या तोंडपाठ आहे. बाबी नालंगांचं नाव ती सचिन तेंडुलकरसारखं घेते. बरं, तिला गोष्ट माहीत नसते असं नाही. दुर्योधन मरणार, हे तिला साठ वर्षं माहीत आहे. पुतण्याला कोणी शेवट सांगितला तर तो जेवत नाही. आईला शेवट सांगितला तर ती विचारते, “होय, पण मारतलो कोण? त्यात बोलतलो काय?”

आणि एक दिवस तिने तिठ्यावरच्या विजेच्या खांबाकडे बोट दाखवून पुतण्याला विचारलं, “ह्या तुमच्यात असता काय?”

खांबावर जत्रेचा फलक होता. त्यावर लिहिलं होतं : ‘संयुक्त दशावतार. भव्य ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग.’

पुतण्याने अर्थ विचारला. मी सांगितला. संयुक्त म्हणजे एका मंडळाचा राजा, दुसऱ्याचा राक्षस, तिसऱ्याचा नारद, चौथ्याची नायिका. एरवी आपापल्या कंपनीत खेळणारे नामवंत एका रात्रीसाठी एका मंचावर. आणि ट्रिकसीन म्हणजे जमिनीतून देवी वर येते, धूर निघतो, मुंडकं उडतं, नाग फणा काढतो. सगळं जागेवर, तुमच्या डोळ्यांपुढे, आणि एखाद्या वेळी धुराचं यंत्र जरा जास्त चाललं तर पहिल्या तीन रांगा खोकतातही.

पुतण्या फलकापुढे उभा राहिला. दोन वेळा वाचला. मग म्हणाला, “म्हणजे तुमच्याकडे अ‍ॅव्हेंजर्स आहे? आणि त्याची जाहिरात विजेच्या खांबावर?”

*

डिसेंबरात तो पुन्हा आला, खास जत्रेला. येताना मुंबईच्या कॉमिक कॉनला जायचं म्हणून ठरवलेला वेश सोबत आणायचा होता, पण तो शिवूनच झाला नव्हता. तांजिरोचा अंगरखा हिरव्या-काळ्या चौकड्यांचा असतो. कापड आईने शोधलं. कपाटातली, माझ्या लग्नात कोणीतरी दिलेली, कधीच न वापरलेली पलंगपोस. “ह्या देणाराक पण आता समाधान वाटात,” ती म्हणाली. तिठ्यावरच्या शिंप्याने मोबाइलवरचं चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला, “बटना खय लावू?” बटणं नसतात म्हटल्यावर त्याने आमच्याकडे दयेने बघितलं, आणि थंडीचे दिवस आहेत म्हणून आतून अस्तर लावून दिलं. जपानात असं होत नाही.

रात्री बाराला नाटक सुरू झालं. गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, भटजी आला, आणि काळ्या मुखवट्याचा, लाल जीभ लोंबणारा संकासूर वेद चोरायला आला. चोरता चोरता त्याने समोरच्या गर्दीकडे बघितलं, आणि चौकड्यांचा अंगरखा, कपाळावर जखमेचा डाग, कानात पत्त्यांएवढी कर्णफुलं अशा अवस्थेत खाजं खात बसलेला पुतण्या त्याला दिसला. संकासूर थबकला.

“हो कोण रे? हो आमच्यात कधी इलो?”

सगळी जत्रा हसली. संहिता नसण्याचा हा फायदा. पुढची पाच मिनिटं, म्हणजे कोकणातली पाच, संकासूर वेद विसरून पुतण्याच्या कानातल्यांवर बोलत होता. मागच्या रांगेतल्या एका आजींनी तर पुतण्याचा पार्ट अजून यायचा आहे असं समजून त्याच्या हातात दहाची नोट ठेवली आणि दमात सांगितलं, “बरो कर हां. घाबरू नको.”

पहाटेचे साडेपाच झाले, सहा झाले, तरी राक्षस मरायला तयार नव्हता. त्या दिवशी तो फॉर्मात होता. विष्णूने एक मुद्दा काढला की हा दोन काढायचा. आई घोंगडी पांघरून, डोळा न लववता ऐकत होती. माडांमागे उजळायला लागलं. पुतण्या कासावीस होऊन मला कोपराने ढोसत होता, “काका, सूर्य! सूर्य उगवला की तो जळायला हवा!” अखेर पायपेटीवाल्याने मागे वळून राक्षसाकडे असं काही बघितलं, की तो वाक्य अर्धं टाकून चट्कन मेला.

हंडी फुटल्यावर आम्ही चहाच्या स्टॉलवर गेलो. राक्षस तिथे आमच्या आधी पोचला होता. एका गालावरचा लाल रंग पुसलेला, दुसऱ्यावरचा तसाच, मुकुट बाकड्यावर, हातात खारी. पुतण्याने धीर करून सेल्फी मागितला. राक्षसाने मोबाइलकडे बघितलंच नाही. अंगरख्याची बाही दोन बोटांत धरून चोळली, आत हात घालून अस्तर तपासलं, खांद्याचा जोड उलटा करून शिलाई बघितली.

“कापड बरा आसा. शिवल्यान कोणी?”

“आमच्या तिठ्यावरच्या शिंप्यान,” आई मागून म्हणाली.

राक्षसाने खारी चहात बुडवली, ती बुडू दिली, आणि कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढून म्हणाला, “तेचो नंबर घाला बघू.”